खालची बारीक ओळ

आमच्या चळवळीचा इतिहास सांगताना पत्रांची नावं धडाधड घेतली जातात. मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता, प्रबुद्ध भारत. जयंतीच्या भाषणात वक्ता एका दमात पाचही नावं घेतो आणि टाळी पडते. पडू द्या. पण ही पत्रं काही आभाळातून पडली नाहीत. कुणीतरी उभं राहून एकेक खिळा जुळवला. कुणीतरी प्रूफ ओढलं. कुणीतरी मशीनवर कागद लावला, रात्री रॉकेलच्या चिंधीनं शाई पुसली, आणि सकाळी तेच खिळे सोडवून पुन्हा त्यांच्या त्यांच्या घरात टाकले. त्या हातांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत.

आणि पत्रं सोडून बाकी जे छापलं गेलं, त्याला तर कुणी इतिहासच म्हणत नाही. लग्नपत्रिका. वर्गणीच्या पावत्या. जलदान विधीची कार्डं. मोर्चाची पत्रकं. बाजाराच्या दिवशी वाटली, संध्याकाळी त्यात भजी बांधली, संपलं. मी त्याला इतिहास म्हणतो. का म्हणतो ते पुढं येईलच.

मी पंडित नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो, रिंगफ्रेमवर असतो, वाचलं ते पाळीवरून आल्यावर. पण माझ्या आज्जाचा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, दहा बाय पंधराच्या गाळ्यात पुढं वह्या-पेन्सिलींचं दुकान आणि मागं एक ट्रेडल. त्या ट्रेडलच्या आवाजात मी अक्षरं शिकलो. म्हणून हा अधिकार घेतो.

आधी एक जुनी गोष्ट. मराठी छपाई सुरू झाली ती मिशनऱ्यांच्या हातानं. १८०५ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालात, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं. पुढं मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना आला. त्यात काम शिकलेला गणपत कृष्णाजी नावाचा भंडारी समाजाचा माणूस. त्यानं स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं. पण भटजी ते हातात घेईनात! का? तर शाईत चरबी असते, छापलेल्या कागदाचा विटाळ होतो. मग म्हणे गणपत कृष्णाजीनं तुपाची शाई केली. तेव्हा कुठं कागद शुद्ध झाला.

मला ही गोष्ट फार आवडते. कारण त्यातून कळतं की विटाळ हा माणसालाच चिकटतो असं नाही, तो कागदालाही चिकटवता येतो. आणि धंद्याची गरज पडली की तुपानं धुताही येतो. कागदाचा विटाळ तुपानं गेला. आमचा गेला नाही. तेवढं तूप कुणाकडे नव्हतं.

दुसरा माणूस जावजी दादाजी. पोरवयात मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागला. त्यानं पुढं १८६४ साली स्वतःचा टाईप पाडायचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर. संस्कृत पोथ्या शुद्ध छापण्यात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं असं मोठमोठे विद्वान सांगतात. म्हणजे बघा, मराठी अक्षराचं वळण ठरवलं ते कष्टकरी घरातल्या, खिळे घासलेल्या माणसांनी. ज्या पोथ्यांनी शूद्राला अक्षर नाकारलं, त्या पोथ्यांची अक्षरं शूद्राच्या हातानं घडली.

आता आपल्याकडं येऊ. गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून निवृत्त झालेले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. त्यांना लिहायला जागा मिळाली ती दीनबंधूत. दीनबंधू १८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं, पुढं मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेलं. १९०८ साली पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढलं. नागपूरकडं किसन फागूजी बनसोडे. बनसोड्यांचं मला विशेष वाटतं, कारण त्यांनी नुसतं पत्र काढलं नाही, १९१० च्या सुमारास स्वतःचा छापखाना घातला. निराश्रित हिंद नागरिक, विटाळ विध्वंसक, मजूर पत्रिका, चोखामेळा, एक बंद पडलं की दुसरं. त्यांना एक गोष्ट लवकर कळली होती. लेखणी आपली असून भागत नाही, खिळेही आपले पाहिजेत.

कारण खिळे दुसऱ्याचे असले की काय होतं ते मूकनायकनं बघितलं. ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. आणि त्या काळातल्या सर्वात मोठ्या मराठी पत्रानं, केसरीनं, रोख पैसे देऊनही मूकनायकची जाहिरात छापली नाही. पुढं दोन महिन्यांच्या आत, २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावची परिषद झाली. माणगाव आमच्या हातकणंगले तालुक्यातलं. माझा पणजा त्या परिषदेला पायी गेला होता असं आमच्यात सांगतात. पण ज्याच्या त्याच्या घरात पणजा गेलेलाच असतो, सगळे पणजे मोजले तर माणगावात उभं राहायला जागा उरली नसती. तेव्हा ते सोडून देतो.

बहिष्कृत भारत ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालं. बाबासाहेबांनी त्यातच लिहून ठेवलंय की चोवीस-चोवीस रकाने एकट्याला भरावे लागत होते. विलायतेतून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, रात्री जागून रकाने भरतोय, कारण दुसरं कोण भरणार. १९२९ च्या नोव्हेंबरात ते बंद पडलं. पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १९३० ला, जनता निघालं. चळवळीचा स्वतःचा भारत भूषण प्रेस उभा राहिला. आणि तो १९४६ साली मुंबईत सवर्ण आणि अस्पृश्य यांच्या दंग्यात जाळला गेला.

जाळला. हा शब्द लिहायला सोपा आहे. छापखाना जळतो म्हणजे काय होतं ते आज्जा सांगायचा. खिळा हा शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा. साध्या चुलीच्या जाळातही तो वितळतो. केस लाकडाच्या, त्या पेटतात, आणि त्यातली सगळी अक्षरं वितळून जमिनीवर एक थर होतो. क, ख, ग, सगळं एक. थंड झालं की कुदळीनं उकरून काढायचं. "त्येच्यात काय लिवलंय त्ये कुनाला वाचता येत न्हाई बघ," असं म्हणायचा.

नंतर उभा राहिला तो बुद्धभूषण. दादरला गोकुळदास पास्ता रस्त्यावर, आंबेडकर भवनात. बाबासाहेबांचे चिरंजीव यशवंतराव, आपले भय्यासाहेब, ते छापखान्याचा माणूस. लोक त्यांना बाबासाहेबांचा मुलगा म्हणूनच ओळखतात; पण शाई लागलेल्या हातांचा हा माणूस होता हे मला जास्त जवळचं वाटतं. १९५३ साली त्यांचं लग्न परळला बौद्ध पद्धतीनं झालं, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या तीन वर्षं आधी. ४ फेब्रुवारी १९५६ ला जनताचं नाव प्रबुद्ध भारत झालं. नाव बदललं तेव्हा मथळ्याचा ब्लॉक नवा करावा लागला असणार, जुना कुठं गेला असेल, असले प्रश्न मला पडतात. इतिहासकारांना पडत नाहीत.

आणि २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात यंत्रं आणून ती इमारत पाडली. त्याचे वाद, कोर्टकचेऱ्या, ट्रस्ट कुणाचा, मोडकळीला आली होती की नव्हती, यात मी पडत नाही. जुलैत त्यावर मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. आमच्या आळीतले दोन ट्रक गेले होते. मी तेव्हा शाळेत होतो, मला नेलं नाही. आज्जा तोवर जिवंत नव्हता. बरं झालं.

आज्जाचं सांगायचं तर तो १९५२ ला, सतरा वर्षांचा असताना मुंबईला गेला. नायगावला बीडीडी चाळीत गावच्या माणसांच्या खोलीत पथारी टाकली. गिरणीत बदलीचं काम मिळेना, म्हणून गिरगावातल्या एका छापखान्यात झाडूवाला लागला. झाडता झाडता जमिनीवर पडलेले खिळे वेचायचा. पडलेला खिळा फेकायचा नसतो, तो कुठल्या घरातला ते ओळखून तिथं टाकायचा असतो. आज्जाला चौथीपर्यंतची अक्षरं येत होती, पण खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. तो ते उलटं वाचायला शिकला. आणि मराठी टाईप म्हणजे इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरं नव्हेत. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, शेकडो घरं. ती सगळी वर्षभरात त्याला पाठ झाली. जुळारी लोक घाईत असले की त्याला खिळे सोडवायला बसवायचे. सोडवायला चालत होता. जुळवायला नाही.

कारण तिथं पंचांग आणि व्रतांच्या पोथ्या छापायच्या. आज्जानं एकदा जुळाऱ्याच्या जागेसाठी विचारलं. मालक वाईट नव्हता, असं आज्जाच म्हणायचा. मालकानं हसून सांगितलं, तू जुळवलेलं लोक देवघरात ठेवतील का रे? गंमत अशी की त्याच पोथ्यांचे खिळे दर आठवड्याला आज्जाच्या हातातून घरात जात होते आणि तिथूनच पुन्हा पोथीत लागत होते. म्हणजे खिळ्याला विटाळ नव्हता, कामाच्या नावाला होता. सोडवणारा आणि जुळवणारा यांच्या पगारात दुपटीचा फरक. जातीचा हिशोब शेवटी असा पगाराच्या चिठ्ठीवर उतरतो.

संध्याकाळी सुटला की आज्जा दादरपर्यंत चालत जायचा आणि बुद्धभूषणच्या दारात उभा राहायचा. आत जायची हिंमत व्हायची नाही. "नुसता वास घ्यायचो. आपल्या छापखान्याच्या शाईचा वास." शाईचा वास सगळीकडं सारखाच असतो हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

पुढं मराठा समाजाच्या एका माणसाच्या जॉब प्रेसमध्ये त्याला जुळारी म्हणून घेतलं. तिथं तो ट्रेडलही शिकला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर तिथंच गेलं, कागद काढायला उशीर झाला एवढंच. १९६४ साली तो परत आला आणि इचलकरंजीत गाळा घेतला.

इचलकरंजी का? यंत्रमागाचं गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, पाठीशी जहागीरदार बाबासाहेब घोरपडे होते. माग वाढले तसा कागद वाढला. बिलबुक, डिलिव्हरी चलन, हजेरीकार्ड, पगाराची पाकिटं, गेटपास. माग कापड विणतो, पण कापड हलतं ते कागदावर. आज्जाचा हिशोब बरोबर होता. पैसा उभा केला तो अर्ध्या एकराची पट्टी विकून. ती जमीन शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडलं तेव्हा घराच्या नावावर झाली होती. पणज्यानं वतनाची बेडी तोडून मिळालेली जमीन जपली, आणि आज्जानं ती विकून जुनी पायाची ट्रेडल आणि सहा केस टाईप घेतला. भाऊकीनं बोलणं टाकलं. "जिमीन इकून शिसं आनलं येड्यानं," असं म्हणायचे.

दुकानाचं नाव इथं देत नाही. त्यात बाबासाहेबांचं नाव होतं एवढं सांगतो, कारण पुढच्या गोष्टीचा संबंध त्याच्याशी आहे.

१८६७ चा एक कायदा होता, छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा. इंग्रजानं आमच्यावर नजर ठेवायला केलेला. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण असलंच पाहिजे असं त्यात कलम. तो कायदा जाऊन २०२३ साली नवा झाला, तो २०२४ पासून लागू आहे. पण आज्जाच्या हयातीत जुनाच होता आणि ते कलम त्याला तोंडपाठ होतं. प्रत्येक पत्रिकेच्या तळाला मुंगीएवढ्या टायपात प्रेसचं नाव. ही ती खालची बारीक ओळ.

वह्या सगळे घ्यायचे. बिलबुकं सगळे छापून घ्यायचे, कारण आज्जाचा दर कमी आणि नंबर चुकत नसे. पण लग्नपत्रिका? पत्रिका देवापुढं ठेवायची असते. कुंकू लावायचं असतं. एका कारखानदाराच्या घरचं काम आलं, पाचशे पत्रिका, दोन रंग, वर सोनेरी पावडर. सगळं ठरलं, आणि जाता जाता त्यांचा दिवाणजी म्हणाला, ती खालची ओळ तेवढी गाळा. आज्जा म्हणाला, कायदा हाय. दिवाणजी म्हणाला, कायदा कोण बघतोय. आज्जा म्हणाला, "मी बगतोय न्हवं." काम गेलं. आज्जीनं आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला, कारण घरात जोंधळे नव्हते.

इथं आज्जाला मोठं करायचा मोह होतो. पण खरं ते सांगितलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी असंच काम आलं तेव्हा त्यानं ओळ गाळली. आणि गणपतीचा ब्लॉकही त्याच्याकडं होता, ठेवावाच लागे, गावात बाकीच्यांची लग्नं व्हायची. समाजातल्या पोरांनी विचारलं, बावीस प्रतिज्ञा घेतल्यास आणि गणपती छापतोस? आज्जाचं उत्तर, "म्या छापतो, पुजत न्हाई." पोरांचं समाधान झालं नाही. माझंही पुरतं झालेलं नाही. पण ती पोरं स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका उधारीवर आज्जाकडूनच छापून घेऊन गेली, आणि त्यातली काही उधारी वहीत अजून आहे.

आता त्या पत्रिका. आज्जाला एक सवय होती. आपल्या समाजाचं जे जे काम छापलं त्याची एक प्रत तो काढून ठेवायचा. सुतळीनं बांधलेले गठ्ठे, माळ्यावर. नमुना दाखवायला म्हणून ठेवले, पण वाढत गेले. मी हल्ली ते उलगडून वाचतोय, आणि मला वाटतं आमच्या माणसांचा असा इतिहास कुठल्या ग्रंथात नसेल.

१९६४-६५ च्या पत्रिका बघा. वर 'नमो बुद्धाय' आहे, आणि त्याच्याच खाली 'श्री जोतिबा प्रसन्न'. दोन्ही! दीक्षा घेऊन आठ वर्षं झाली होती तरी म्हातारी माणसं देव एकदम सोडत नव्हती. आज्जा भांडायचा, कधी जिंकायचा, कधी हरायचा. सत्तर सालानंतर जोतिबा दिसत नाही. 'मुहूर्त' हा शब्दही हळूहळू जातो आणि 'वेळ' येतो. गावाच्या पत्त्यात आधी 'महारवाडा', मग 'बौद्धवाडा', मग कुठं 'भीमनगर', कुठं 'मिलिंदनगर'. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा सरकारी निर्णय २०२० सालचा. आमच्या पत्रिकांनी तो चाळीस-पन्नास वर्षं आधीच घेतलेला.

नावांचं तर विचारू नका. नवरदेवाचं नाव दगडू, धोंडी, कचरू, भिकाजी. नवरीचं नाव नकोशी सुद्धा आहे एका पत्रिकेत. दगड, धोंडा, कचरा, भीक. आणि मग १९७६-७७ पासून एकदम नवी नावं येतात. सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता, यशोधरा. मला आधी कळेना, एवढा उशीर का? मग हिशोब केला. ५६ च्या दीक्षेनंतर जन्मलेली पोरं वीस वर्षांनी लग्नाला आली. दीक्षा एका दिवसात झाली, पत्रिकेवर छापून यायला वीस वर्षं लागली. तिथं बापाचं नाव दगडू आणि पोराचं सिद्धार्थ, एकाच ओळीत आहेत. 'दगडू यांचे चिरंजीव सिद्धार्थ.' आमचं अख्खं स्थित्यंतर त्या एका ओळीत जुळवलंय आज्जानं, आणि त्याला त्याचे छपाईचे दहा-वीस रुपये मिळाले असतील.

एक अडचण मात्र टायपाची. खिळे विकत घ्यायचे तर फाउंड्री ठरलेल्या प्रमाणात देते, क इतके, त इतके. ते प्रमाण त्यांच्या वापरावरून ठरलेलं. 'श्री' भरपूर, अख्खा एका खिळ्यात. ओम तयार. आणि आम्हाला लागायचा भ. भीम, भिमराव, भारत, भिक्खू, भदंत, भीमनगर. लागायचा द्ध. लागायचा म्म, धम्माचा. एप्रिल महिन्यात भ चं घर तिसऱ्या पावतीबुकालाच रिकामं. मग एक काम छापून, खिळे सोडवून, दुसऱ्याला लावायचं, रात्रभर तेच. 'श्री' मात्र घरात पडून काळे पडले होते. जात टायपाच्या केसमध्ये सुद्धा असते, फक्त ती बघायला तिथं भ शोधत उभं राहावं लागतं.

१९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं केला आणि तिकडं आमच्या वस्त्या पेटवल्या. त्या दिवसांतलं एक निषेधाचं पत्रक गठ्ठ्यात आहे. ते वाचताना मजेशीर वाटतं, पण मजा नाही. अर्ध्यात भ संपला म्हणून आज्जानं पुढचे भ दुसऱ्या मापाच्या टायपातले लावलेत. मजकुरात मध्येच भ मोठे झालेत. भीम मोठा, भाऊ मोठे, भाकर मोठी. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्याचं पत्रक ट्रेडलवरचं नाही, ऑफसेटवरचं आहे, बाहेरून आणलेलं. तोवर काम कमी झालं होतं.

आज्जीचं राहिलं. सगळी बिलबुकं आज्जीनं शिवली. घड्या आज्जीनं घातल्या. ट्रेडलचा रोलर सरस आणि काकवीचा असायचा, उन्हाळ्यात मऊ पडायचा, तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं कामही तिचंच. १९८१ ला थोरल्या आत्तीचं लग्न झालं. आज्जानं पत्रिका स्वतः जुळवली, बुद्धाचा नवा ब्लॉक कोल्हापुरातून करून आणला. तीनशे पत्रिकांच्या घड्या आज्जीनं घातल्या, आणि तिला वाचता येत नसल्यानं तिला कळलंच नाही की त्यावर नवरीच्या आईचं नाव नाही. निमंत्रक म्हणून आज्जा, चुलते, मामा, पंचमंडळ, सगळे पुरुष. ब्लॉक बुद्धाचा, निमंत्रक मनूचे. आज्जानं असं मुद्दाम केलं नसणार. रीतच तशी, त्याला सुचलंच नाही. न सुचणं हीच तर खरी गोष्ट आहे.

कुणीतरी नंतर तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर खिळे सोडवायला बसली की एकेक अक्षर विचारू लागली. ह्यो कुठला? ह्यो कुठला? आज्जी जी अक्षरं शिकली ती खिळ्यावरची, उलटी. पाटीवरचं सरळ अक्षर तिला पुढं कैक वर्षं नीट लागायचं नाही, पण केसमधला खिळा ती न चुकता सांगायची. १९८६ ला धाकट्या आत्तीची पत्रिका आली तेव्हा आज्जा जेवायला गेला असताना तिनं स्वतः स्टिक हातात घेतली आणि तीन अक्षरांचं आपलं नाव जुळवून गॅलीत आज्जाच्या नावाच्या शेजारी ठेवलं. आज्जा परत आला. त्यानं बघितलं. वेलांटी ऱ्हस्व लागली होती, ती त्यानं चिमट्यानं काढून दीर्घ केली. बाकी काही बोलला नाही. ती पत्रिका माझ्यासमोर आहे. त्यानंतरच्या आमच्या समाजाच्या बहुतेक पत्रिकांवर नवरीच्या आईचं नाव आहे. आज्जा गिऱ्हाईकाला आपणहून विचारायचा, आईचं नाव काय रं?

पुढचं थोडक्यात. ऑफसेट आलं, संगणक आला, दोन हजार सालानंतर ट्रेडल महिन्यातून चार दिवस चालायची, मग पट्टा काढून ठेवली. आज्जा गेला, वर्षभरात आज्जी गेली. पुढचं स्टेशनरीचं दुकान धाकटी आत्ती चालवते, तिला नवऱ्यानं टाकल्यापासून ती इथंच आहे. झेरॉक्स, वह्या, राख्यांच्या दिवसांत राख्या. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आत आली. माळ्यापर्यंत पाणी. चार गठ्ठ्यांतले अडीच हाताला लागले. आत्तीनं घरभर दोऱ्या बांधून एकेक पत्रिका चिमट्यानं वाळत घातली, आपल्या साड्या भिजत ठेवून. शेजारी म्हणाले, लोकांच्या लग्नाच्या पत्रिका कशाला वाळवतीस बाई, ती लग्नं होऊन म्हातारी झाली. आत्ती म्हणाली, झाली न्हवं, मग पुरावा पायजे.

आता भंगारवाला आलाय. ट्रेडलचं बीड किलोवर, टायपाचं शिसं किलोवर, शिशाला भाव बरा आहे. गाळ्याचं छप्पर गळतंय आणि ते करायला पैसे लागतात. आत्ती आणि माझं यावरून भांडण झालं. मी इतिहास इतिहास करत होतो. तिनं विचारलं, पावसात हितं झोपनार कोन, तू का तुजा इतिहास? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पत्रिका विकायच्या नाहीत, तेवढं ठरलं. ट्रेडल जाईल. टाईप जाईल. स्टिक आत्तीनं काढून घेतलीय, पट्टीसारखी वापरते.

काल केस रिकाम्या करायला बसलो होतो. घर घर उपसून पोत्यात. 'श्री' खूप निघाले. भ चं घर बघितलं तर रिकामं. मग कोपऱ्यातल्या गॅलीवरचा कागद काढला. एक मजकूर सुतळीनं बांधलेला तसाच होता, १४ एप्रिलच्या वर्गणीची पावती, रकमेची जागा मोकळी, तळाला बारीक ओळ. भ सगळे त्यात होते. सोडवायचे राहून गेले होते.